गुळाचा रंग आणि खाणाऱ्याचे आरोग्य

गुळाचे सौदे रंगावर होतात. अडत दुकानात ढेप मांडली म्हणजे घेणारा प्रथम तिच्या रंगाकडे पाहतो, मग नखाने कणी काढून पाहतो आणि चव घेतलीच तर सर्वांत शेवटी घेतो. पिवळाधमक गूळ चढ्या भावाने जातो व तांबूस किंवा काळपट गूळ मागे राहतो. खाणाऱ्याची चव आणि घेणाऱ्याची नजर यांत असा फरक पडल्यामुळे गुऱ्हाळावर एक पांढरी भुकटी येऊन बसली आहे. तिला गुळव्ये 'हायड्रोस' म्हणतात. काही ठिकाणी ती काहिलीत मुठीने पडते, आणि किती पडली याचा हिशेब ना गुऱ्हाळाच्या मालकापाशी असतो, ना ऊस देणाऱ्या शेतकऱ्यापाशी. हा गूळ पुढे बाळंतिणीच्या लाडवांत, पोरांच्या चिक्कीत, सणाच्या पुरणात आणि पाहुण्यासमोर ठेवलेल्या गूळपाण्यात जातो. म्हणून ही भुकटी काय आहे, ती शरीरात काय करते आणि तिच्यावाचून चांगला गूळ निघतो की नाही, हे शेतकरी बंधूंनी व ग्राम पातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

गुळास रंग कशाने येतो

उसाच्या रसात साखरेखेरीज इतर पुष्कळ द्रव्ये असतात. सालीतील व वाढ्यातील हिरवी व जांभळी रंगद्रव्ये चरकात रसाबरोबर उतरतात. त्यांखेरीज तुरट जातीची काही द्रव्ये रसात असतात. चिरलेले वांगे जसे हवेने काळे पडते तशीच ही द्रव्ये हवा लागताच गडद होतात, आणि चरकाच्या वा काहिलीच्या लोखंडाशी त्यांचा संयोग झाला की रंग अधिकच काळवंडतो. शिवाय रस उकळत असताना साखर आणि रसातील नत्रयुक्त अंश यांची परस्परांवर क्रिया होऊन तपकिरी रंग उत्पन्न होतो. खरपूस भाजलेल्या भाकरीला येणारा रंग याच प्रकारचा होय. तेव्हा थोडा तांबूसपणा हा गुळाचा जन्मजात गुण आहे, तो दोष नव्हे. दोष आहे तो मळी नीट न काढल्याने किंवा पाक करपल्याने येणाऱ्या काळेपणाचा. बाजार मात्र या दोहोंत भेद करीत नाही, आणि सर्व अडचणीचे मूळ तेथे आहे.

हायड्रोस म्हणजे काय

हायड्रोसचे रासायनिक नाव सोडियम हायड्रोसल्फाइट, अथवा सोडियम डायथायोनाइट. हिचा मुख्य उपयोग कापडाच्या धंद्यात होतो. निळीसारखे जे रंग पाण्यात विरघळत नाहीत ते विरघळवून सुतात उतरविण्यासाठी, आणि नको असलेला रंग उडविण्यासाठी ती वापरतात. रसात पडताच ती रंगद्रव्यांतील प्राणवायू ओढून घेते व रंग फिका पडतो. याच क्रियेत सल्फर डायऑक्साइड हा वायू निर्माण होतो. गंधक जाळले असता नाकाला झोंबतो तोच हा वायू. त्याचा काही भाग वाफेबरोबर उडून जातो, काही हवेने निरुपद्रवी सल्फेटमध्ये बदलतो आणि काही भाग सल्फाइटच्या रूपाने गुळातच राहतो. भुकटी कढाच्या आरंभी टाकली तर उडण्यास अवधी मिळतो. पाक तयार होत आला असता टाकली तर पुष्कळशी आत राहते. रंग डोळ्यांदेखत उघडतो म्हणून ती शेवटी टाकण्याकडेच कल असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हायड्रोस रंगद्रव्य काढून टाकीत नाही, केवळ त्याचे रूप पालटते. मळी जशी झाऱ्याने बाहेर फेकली जाते तसे येथे काहीच बाहेर पडत नाही. त्यामुळे ढेप साठवणीत राहिली व हवा लागली की गेलेला रंग हळूहळू परत येतो. जो गूळ पौषात सोन्यासारखा दिसला तोच आषाढात काळपट झालेला पुष्कळांनी पाहिला असेल. व्यापारी त्याचा दोष पावसाळी हवेला देतो. हवेचा वाटा असतोच. पण तो एकटीचा नसतो.

काही ठिकाणी हायड्रोसच्या जोडीला किंवा तिच्या ऐवजी सोडियम फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्सिलेट या नावाची दुसरी भुकटी वापरली जाते. हीदेखील कापडगिरणीतलीच. हिच्यापासून फॉर्माल्डिहाइड सुटते, आणि त्या द्रव्यास कर्करोगकारक द्रव्यांत गणले आहे. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. ती गुऱ्हाळाच्या आवारात येताच कामा नये.

शरीरावर होणारा परिणाम

सल्फाइट पोटात गेले की सर्वांनाच तत्काळ अपाय होतो असे नाही. मनुष्याच्या शरीरात, विशेषतः यकृतात, सल्फाइटचे सल्फेटमध्ये रूपांतर करणारे एक विकर असते. तयार झालेले सल्फेट लघवीवाटे निघून जाते. म्हणूनच अल्प प्रमाणातील सल्फाइट निरोगी मनुष्यास पचते, आणि वर्षानुवर्षे असा गूळ खाणारा मनुष्य 'मला तर काही झाले नाही' असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

परंतु दमेकऱ्याची गोष्ट निराळी आहे. दम्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तीन ते दहा जणांना सल्फाइट सोसत नाही असा वैद्यकीय अंदाज आहे. अशा रुग्णाच्या पोटात ते गेले की काही मिनिटांतच छाती आवळते, श्वास घरघरू लागतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. अमेरिकेत उपाहारगृहांतील कच्च्या भाज्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर सल्फाइट मारण्याची चाल होती. त्यामुळे काही दमेकरी दगावल्यानंतर १९८६ साली तेथील शासनाने ताज्या फळांवर व भाज्यांवर त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे दमेकऱ्यास धूळ, धूर व थंड हवा टाळण्यास सांगतात. खोकला झाला म्हणून आले घालून गुळाचा काढा मात्र आवर्जून दिला जातो, आणि तो देणाऱ्या माऊलीला त्या गुळात काय आहे याची कल्पनाही नसते.

सल्फाइटचा दुसरा दोष असा की ते अन्नातील ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते. काहींना त्याने पोटात मळमळ, डोकेदुखी किंवा अंगावर पित्त उठण्याचा त्रास होतो.

प्रमाणाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सल्फाइटची दैनिक मर्यादा ठरविली आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे ०.७ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड इतके रोज जन्मभर पोटात गेले तरी चालेल, असा तिचा अर्थ. म्हणजे ५० किलो वजनाच्या प्रौढास ३५ मिलिग्रॅम आणि १५ किलोच्या मुलास साडेदहा मिलिग्रॅम. गुळातील सल्फर डायऑक्साइड एका किलोत ७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये असे अन्नविषयक नियम सांगतात. भारतीय मानकात ही मर्यादा याहूनही कडक, ५० मिलिग्रॅम, धरली आहे.

आता गुऱ्हाळाचा हिशेब पाहू. चांगल्या उसाच्या एक हजार लिटर रसापासून सुमारे दोनशे किलो गूळ निघतो. शंभर ग्रॅम हायड्रोसपासून अधिकात अधिक ७३ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड होऊ शकतो. तो सर्व गुळात राहिला असे धरल्यास दर किलोस ३६५ मिलिग्रॅम पडतील, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. याच रीतीने उलट हिशेब केला तर दोनशे किलो गुळात ७० मिलिग्रॅमची मर्यादा गाठण्यास केवळ १९ ग्रॅम भुकटी पुरते. प्रत्यक्षात काही वायू उडून जातो हे खरे. पण किती उडाला हे डोळ्यांनी कळत नाही, आणि ग्रॅमचा तराजू काहिलीशेजारी ठेवलेला आजवर कोणी पाहिला नसेल. त्या शंभर ग्रॅमच्या गुळातील तीस ग्रॅमचा खडा १५ किलोच्या मुलाने खाल्ला तर सुमारे ११ मिलिग्रॅम त्याच्या पोटात जाऊ शकतात. त्याची दिवसाची मर्यादा तेवढ्यातच संपली.

शिवाय गूळ हा एकच मार्ग नाही. आपल्या देशातील बहुतेक कारखान्यांत पांढरी साखर करताना रसात सल्फर डायऑक्साइडच सोडतात, व तिलाही ७० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सांगली-तासगावकडील बेदाण्यास पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. महिला मंडळांच्या वर्गांत फळांचे स्क्वॅश टिकविण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालण्यास शिकवितात, तेही याच कुळातले. कोकम, जांभूळ अशा गडद रसांत मात्र ते घालीत नाहीत, कारण त्यांचा रंगच उडतो. तेथे सोडियम बेंझोएट वापरतात. पाकिटावर २२० ते २२८ यांपैकी एखादा आकडा छापलेला असेल तर त्यात सल्फाइट आहे असे समजावे. एका किलोत १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट असेल तर तसे पाकिटावर नमूद करण्याचे बंधन आहे. सुट्या ढेपेवर मात्र काहीच छापलेले नसते. आणि या आकड्यांच्या यादीत हायड्रोसचे नाव नाही, हेही सांगून ठेवावयास हवे. म्हणजे ज्या सल्फाइटांना अन्नात जागा आहे त्यांत ती बसत नाही.

मिसळ आणि भेसळ

रसायन म्हटले की विष, अशी एक समजूत अलीकडे पसरली आहे. ती बरोबर नाही. चुना हेही रसायनच आहे. पापडातील खार, नानकटाईतील सोडा आणि सरबतातील लिंबाचे सत्त्व ही सर्व रसायनेच होत. कोणते द्रव्य, कोणत्या शुद्धतेचे, किती आणि कशासाठी, एवढेच पाहावयाचे असते. बेंझोएट ठरलेल्या मात्रेत असेल तर लोणचे व सरबत बुरशीपासून वाचते, आणि बुरशीचे विष बेंझोएटपेक्षा वाईट. सॅकरिनवर उंदरांवरील प्रयोगांमुळे १९७७ साली कर्करोगाचा ठपका आला होता. पुढील संशोधनात तो माणसास लागू पडत नाही असे दिसून आल्यावर २००० साली अमेरिकेने त्याचे नाव कर्करोगकारकांच्या यादीतून काढले. उलट पावाच्या पिठात घातले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट पुष्कळ वर्षे चालत होते, त्यावर भारतात २०१६ साली बंदी आली. ज्ञान वाढते तसे नियम बदलतात, आणि ते दोन्ही बाजूंनी बदलतात.

कृत्रिम रंगांच्या बाबतीत तडजोडीला जागा नाही. आपल्या देशात आठच कृत्रिम रंगांना काही ठराविक पदार्थांत परवानगी आहे. गुळात एकही चालत नाही. तरी गुळात व हळदीत मेटॅनिल यलो हा कापडाचा पिवळा रंग सापडतो. प्राण्यांवरील प्रयोगांत तो मज्जासंस्थेस व यकृतास बाधक ठरला आहे. 'म्हातारीच्या केसां'ना गुलाबी करणारा ऱ्होडामाइन-बी त्याच जातीचा. २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी व तमिळनाडू येथे तो आढळल्यावर त्या मिठाईच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. जत्रेत मुलाचा हट्ट मोडवत नाही हे खरे. पण जीभ दोन दिवस गुलाबी राहील असे खाणे त्याच्या हाती देऊ नये.

मेटॅनिल यलोची परीक्षा सोपी आहे. गुळाचा खडा थोड्या पाण्यात विरघळवून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. पाणी किरमिजी झाले तर हा रंग आहे असे समजावे. आम्ल घातल्याबरोबर फसफसून आले तर धुण्याचा सोडा किंवा खडूची भुकटी असण्याचा संभव असतो. आम्ल हाताळण्याचे काम शिकलेल्या कार्यकर्त्यानेच करावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये. हायड्रोसचे प्रमाण मात्र अशा घरगुती परीक्षेने कळत नाही, त्यास प्रयोगशाळाच हवी. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ अन्वये कोणाही ग्राहकास शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो.

हायड्रोसवाचून उजळ गूळ

उजळ गुळाची तयारी गुऱ्हाळावर नव्हे, शेतात सुरू होते. निचऱ्याच्या मध्यम जमिनीतील उसाचा गूळ रंगाने व कणीने सरस उतरतो. खारवट व पाणथळ जमिनीतील उसाचा गूळ खारट, काळपट आणि पाणी सुटणारा होतो. त्या उसाला काहिलीत कितीही उपचार केले तरी मूळ दोष जात नाही. नत्र खत बेताने व वेळेवर द्यावे. उशिरा आणि भरमसाट दिलेला युरिया रसात नत्रयुक्त अंश वाढवितो आणि उकळताना तोच रंग गडद करतो. गुळासाठी को ९२००५ ही जात चांगली गणली जाते. ऊस पूर्ण पक्व झाल्यावर तोडावा. वाढे व पाचट पूर्णपणे काढून टाकावे, मुळांशी चिकटलेली माती झाडावी आणि तोडलेला ऊस लवकर, शक्य तर त्याच दिवशी, गाळावा. ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला तर साखर फुटते आणि असा गूळ नीट बसत नाही.

चरकातून निघालेला रस गाळून घ्यावा व थोडा वेळ स्थिर ठेवावा, म्हणजे माती व चोयट्या तळाशी बसतात. नंतर काहिलीत घेऊन भेंडीच्या झाडांचा ठेचून पाण्यात काढलेला चिकट रस घालावा. हा आपल्या बापजाद्यांचा उपाय आहे, आणि शास्त्राच्या कसोटीसही तो उतरतो. तापू लागल्यावर हा चिकट पदार्थ रसातील सूक्ष्म घाण आपल्याभोवती गोळा करतो व मळीच्या रूपाने वर आणतो. पहिली मळी दाट व काळपट येते. ती उकळी फुटण्यापूर्वी काढली पाहिजे. उकळी फुटली की मळी पुन्हा रसात मिसळते आणि मग ती बाहेर निघत नाही. हायड्रोस वापरणाऱ्या पुष्कळ गुऱ्हाळांवर खरी चूक या पाच-दहा मिनिटांत होते. दिवसाची आधणे वाढविण्यासाठी जाळ जोराने घातला जातो, मळी अर्धवट निघते आणि तिचा काळेपणा झाकण्यासाठी भुकटी लागते.

आम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळी द्यावी, पण बेताने. ताज्या रसाचा सामू सव्वापाच ते साडेपाचच्या सुमारास असतो. तो ६ ते ६.४ पर्यंत आणावा, त्यापुढे नेऊ नये. जास्त चुन्याने गूळ काळा पडतो व त्याला वास येतो. सामू पाहण्याच्या कागदाच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. गुळव्याच्या अंदाजाला या पट्टीची जोड मिळाली तर त्याचा मान कमी होत नाही. फेस वर आला तर थोडे शेंगदाण्याचे किंवा एरंडीचे तेल टाकावे. मळी निघून गेल्यावर मात्र जाळ मोठा ठेवून पाक लवकर आटवावा, कारण मंद आचेवर फार वेळ उकळत राहिल्यानेही रंग चढतो. १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला काकवी होते, गुळासाठी ११८ अंशांना काहील उतरवावी. याहून पुढे गेलेला पाक करपतो. चुलाणाच्या कामात मुरलेला गुळव्या ही वेळ पाण्यातल्या गोळीवरून अचूक ओळखतो. नवख्याने तापमापी वापरावी.

एवढे केल्यावर जो गूळ निघतो तो हायड्रोसच्या गुळाइतका पांढुरका नसतो. तो पिवळसर-तांबूस असतो. ही गोष्ट शेतकऱ्यास स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पहिल्याच सौद्यात त्याचा विश्वास उडेल.

भावाचा प्रश्न

खरी अडचण भावाची आहे, आणि ती केवळ शेतकऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. जोवर सौद्यात रंगाला पैसे मिळतात तोवर एकट्या शेतकऱ्याने सचोटीची किंमत आपल्या खिशातून भरावी, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून त्या नावाला दूरच्या बाजारात मोल आहे. रसायनविरहित म्हणून विकला जाणारा तांबूस गूळ आता शहरांत चढ्या दराने मागितला जातो. मात्र तो माल एकट्यादुकट्या ढेपेने तेथे पोचत नाही. एका गुऱ्हाळावर ऊस गाळणाऱ्या दहा-पाच शेतकऱ्यांनी मिळून हायड्रोस न घालण्याचे ठरविले, प्रयोगशाळेचा दाखला घेतला आणि छोट्या भेल्या किंवा भुकटी करून स्वतः पाकिटे भरली, तर अडत्याच्या नजरेवर अवलंबून राहावे लागत नाही. तांबूस रंग म्हणजे शुद्ध गूळ असेही मात्र कोणी धरून चालू नये. काळपट व मळकट गूळही त्या नावाखाली खपविला जाऊ लागला आहे.

गुळव्याची प्रकृती हाही या हिशेबातला भाग आहे. भुकटी पडताच निघणारा वायू काहिलीवर वाकलेल्या माणसाच्या नाकातोंडात प्रथम जातो. हंगामभर खोकणारा गुळव्या धुराला दोष देतो. शिवाय हायड्रोसला थोडे पाणी वा ओल लागली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. चिपाडाच्या ढिगाशेजारी, गळक्या छपराखाली तिचा उघडा डबा ठेवणे म्हणजे गुऱ्हाळाला आग लावण्याची तयारी करणे होय.

ग्राम पातळीवरील कार्यकर्त्यांनी या हंगामात पुढील प्रयोग करून दाखवावा. एकाच शेतातील, एकाच दिवशी तोडलेल्या उसाची दोन आधणे घ्यावीत. एक नेहमीच्या रीतीने हायड्रोस घालून करावे आणि दुसरे भेंडीच्या रसाने, मळी पूर्ण काढून, सामू व तापमान पाहून करावे. दोहोंच्या एकेका ढेपेवर तारीख लिहून त्या चावडीत किंवा सोसायटीच्या कचेरीत कोरड्या जागी शेजारी शेजारी ठेवाव्यात. हायड्रोसच्या ढेपेवर 'खाण्यासाठी नाही' अशी ठळक चिठ्ठी लावावी आणि तिच्या आधणाचा गूळ बाजारात जाऊ देऊ नये. दर महिन्याला दोन्ही ढेपा फोडून आतील व बाहेरील रंग गावकऱ्यांना दाखवावा. पावसाळा लागल्यानंतर, आषाढ-श्रावणात, त्याच दोन ढेपा त्याच अडत्याला नाव न सांगता दाखवाव्यात आणि त्याने कोणतीला काय भाव दिला ते नोंदवहीत लिहून ठेवावे.